बँड नेमक्या जागी आला, म्हणून तो रिसेप्टरचाच असेल असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. रॅटच्या महाधमनीतून काढलेल्या स्मूथ मसल पेशींमध्ये अँजिओटेन्सिन या रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकाचा एटी-१ रिसेप्टर (त्याला धरणारं, पेशीच्या पडद्यातलं प्रथिन) औषधाने वाढतो की कमी होतो, हे पाहायचं आहे. त्यासाठी रिसेप्टरच्या सी-टोकाच्या (शेवटच्या टोकाच्या) पेप्टाइडवर, म्हणजे छोट्या तुकड्यावर, सशात बनवलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी घेतली. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिनं जेलवर वजनानुसार पसरवून अँटिबॉडीने शोधण्याच्या पद्धतीत, ४३ किलोडाल्टनला (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) रेखीव बँड येतो, अगदी डेटाशीटवर छापलाय तसाच. पण एसआयआरएनए (जनुक दाबणारा छोटा आरएनए) देऊन रिसेप्टरचं एमआरएनए (जनुकाकडून येणारा प्रथिन बनवायचा संदेश) ८० टक्क्यांनी उतरलं तरी बँड जागचा हलत नाही. इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (चमकणाऱ्या अँटिबॉडीने पेशी रंगवल्यावर) केंद्रकही चमकतं. आता तुमचा पेपर तपासणाऱ्या परीक्षकाने अँटिबॉडीच्या खात्रीचा पुरावा मागितला आहे आणि तुम्ही विचारताय की दुसऱ्या कोणत्या कंपनीची घेऊ. शिवाय हीच अँटिबॉडी फ्लो सायटोमेट्रीला (एकेका पेशीची चमक मोजण्याच्या पद्धतीला) चालेल का, असंही विचारलंय.

कंपनीचा प्रश्न मी नंतर घेतो, कारण तो दुय्यम आहे. खरी अडचण अशी की तुमच्या नमुन्यात ही अँटिबॉडी नेमकी कशाला चिकटते हे आज तुम्हाला ठाऊक नाही. दुसरी बाटली आणली तर तिच्याबद्दलही ते ठाऊक नसेल. ‘चांगली अँटिबॉडी’ अशी सुटी गोष्ट नसते. अमुक अँटिबॉडी, अमुक पद्धतीत, अमुक पेशींमध्ये चालते, एवढंच सिद्ध करता येतं.

तुमचा एसआयआरएनएचा प्रयोग बिघडलाय असं धरून तुम्ही तो पुन्हा करायला निघालेले दिसता. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रयोगांत तोच सर्वांत जास्त काही सांगतोय. एमआरएनए उतरलं आणि बँड जसाच्या तसा राहिला, याची कारणं दोन-तीनच असू शकतात. एक, प्रथिन टिकाऊ आहे आणि तुम्ही लवकर मोजलंत. पृष्ठभागावरचे रिसेप्टर हळूहळू झिजतात, त्यामुळे २४ तासांवर काही दिसलं नाही तर मी आश्चर्य करणार नाही. पण ७२ तासांनंतरही तीळमात्र फरक नसेल तर हे कारण लंगडं पडतं. दोन, रॅट आणि माऊसमध्ये एटी-१ ची दोन जनुकं असतात, ए आणि बी. माणसात एकच असतं. तुमचा एसआयआरएनए फक्त ए वर असेल आणि क्यूपीसीआरचे (एमआरएनए मोजण्याच्या पद्धतीचे) प्रायमरही फक्त ए चे असतील, तर बी तुमच्या नजरेआड राहिला. मात्र या पेशींत बहुतेक भार ए वरच असतो, त्यामुळे बँड थोडा तरी फिका व्हायला हवा होता. तीन, तो बँड रिसेप्टरचा नाहीच. माझा कौल या तिसऱ्याला आहे.

तो का, हे थोडं आकडेमोड करून सांगतो, कारण ही आकडेमोड फार कमी लोक करतात. ब्लॉटच्या एका खान्यात तुम्ही २० मायक्रोग्रॅम लायसेट (पेशी फोडून काढलेली प्रथिनं) घालता. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत ढोबळमानाने २०० पिकोग्रॅम प्रथिन धरलं तर खान्यात साधारण एक लाख पेशींचा माल गेला. समजा, प्रत्येक पेशीवर १०,००० रिसेप्टर आहेत. या जातीच्या रिसेप्टरसाठी हा अंदाज कंजूष नाही. म्हणजे खान्यात १०० कोटी रेणू. एटी-१ मध्ये ३५९ अमिनो आम्लं आहेत आणि साखरेशिवाय त्याचं वजन ४१ किलोडाल्टन. हिशेब केला तर १०० कोटी रेणूंचं वजन भरतं सुमारे ६८ पिकोग्रॅम. २० मायक्रोग्रॅम म्हणजे दोन कोटी पिकोग्रॅम. थोडक्यात, तुम्ही तीन लाखांत एक भाग शोधताय.

आता त्याच लायसेटमधलं एखादं मुबलक प्रथिन घ्या, एकूण मालाच्या एक टक्का असलेलं. ते दोन लाख पिकोग्रॅम झालं, म्हणजे तुमच्या रिसेप्टरच्या जवळजवळ तीन हजार पट. अँटिबॉडीची त्या प्रथिनाकडे ओढ रिसेप्टरपेक्षा हजार पट कमी असली, तरी त्याचा बँड रिसेप्टरच्या बँडहून ठळक येऊ शकतो. पॉलिक्लोनल सीरममध्ये तर सशाच्या आयुष्यभराच्या इतर अँटिबॉडीही असतात. पेप्टाइडच्या कॉलमवरून शुद्ध केलेली असली तरी पेप्टाइडशी साम्य असलेला तुकडा दुसऱ्या कुठल्या प्रथिनात असला की झालं. आणि ४३ च्या आसपास काय काय असतं? अ‍ॅक्टिनच ४२ ला धावतं, आणि स्मूथ मसलमध्ये त्याची काय कमी. तुमचा बँड अ‍ॅक्टिनचाच आहे असं मी म्हणत नाही. पण त्या पट्ट्यात गर्दी किती आहे ते लक्षात यावं.

बँडच्या जागेबद्दल आणखी एक. ‘हिशेबाने ४१, दिसतो ४३ ला, म्हणजे बरोबर’ हा युक्तिवाद पडद्यातल्या रिसेप्टरांना लागू पडत नाही. एटी-१ च्या बाहेरच्या बाजूला साखरेची साखळी जोडायच्या तीन जागा आहेत. परिपक्व रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतो तेव्हा त्यावर या साखळ्या असतात, आणि त्या सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. म्हणून असा रिसेप्टर जेलवर बराच वर, रुंद, धुरकट पट्ट्यासारखा धावतो. ईजीएफ रिसेप्टर पाहा. त्याच्या अमिनो आम्लांचा हिशेब १३४ किलोडाल्टनचा, आणि तो दिसतो १७० च्या आसपास. त्यामुळे पडद्यातल्या रिसेप्टरचा बँड हिशेबाच्या जागी, सुरीने कापल्यासारखा सरळ आला की मला आनंद होण्याऐवजी शंका येते.

ही शंका माझी एकट्याची नाही. २००९ साली औषधशास्त्रातल्या एका जुन्या जर्मन नियतकालिकाने जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांच्या (एटी-१ याच घराण्यातला) अँटिबॉडींवर लेखांचा आख्खा संच छापला होता. अल्फा-१ अ‍ॅड्रेनर्जिक, मस्करिनिक, डोपामिन, एकामागून एक रिसेप्टर तपासले गेले आणि बाजारातल्या कित्येक अँटिबॉडी रिसेप्टर असो वा नसो, तोच बँड दाखवत होत्या. तुमच्या एटी-१ ची पाळी २०१२ आणि २०१३ मध्ये आली. २०१३ च्या कामात साध्या माऊसची मूत्रपिंडं आणि ए व बी दोन्ही जनुकं काढून टाकलेल्या माऊसची मूत्रपिंडं शेजारी शेजारी लावली. अपेक्षित आकाराचे बँड दोन्हींत आले, आणि हुबेहूब सारखे. रिसेप्टरच नाही अशा प्राण्यात रिसेप्टरचा बँड! हा पेपर परीक्षकाने वाचला असेल असं धरूनच चला.

असल्या घोळाचं सर्वांत बोलकं उदाहरण एरिथ्रोपोएटिन (लाल रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक) याच्या रिसेप्टरचं. काही वर्षं त्याची एक लोकप्रिय पॉलिक्लोनल अँटिबॉडी ट्यूमरच्या नमुन्यांवर वापरली जात होती आणि ‘कर्करोगाच्या पेशींवर हा रिसेप्टर असतो’ असे निष्कर्ष निघत होते. २००६ मध्ये दाखवलं गेलं की तिचा ६६ किलोडाल्टनचा ठळक बँड एचएसपी-७० या उष्णतेच्या ताणाशी निगडित प्रथिनाचा आहे. खरा रिसेप्टर ६० किलोडाल्टनच्या खाली धावतो. एचएसपी-७० ताणाखालच्या पेशींत वाढतं, म्हणजे प्रयोगात ‘बदल’ही दिसत राहतो आणि माणूस निश्चिंत होतो. तुम्हालाही औषधाने बँड वाढलेला दिसलाय. तो वाढला यावरून तो रिसेप्टरचा ठरत नाही.

तुम्ही पेप्टाइडने अडवण्याचा कंट्रोल केलाय आणि बँड गेला, म्हणून अँटिबॉडी विशिष्ट असं लिहिलंय. हा कंट्रोल डेटाशीटवर फार झळकतो, पण तो याचं उत्तर देत नाही. ज्या पेप्टाइडवर अँटिबॉडी बनली तेच तिच्या तोंडात कोंबलं, तर ती खऱ्या रिसेप्टरला चिकटणार नाही आणि खोट्या प्रथिनालाही नाही. दोन्ही बँड सारखेच जातील. त्यातून कळतं ते इतकंच की बँड सेकंडरी अँटिबॉडीच्या (पहिलीला धरून तिला दृश्य करणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीच्या) कचऱ्यामुळे आलेला नाही. आयसोटाइप कंट्रोलचंही (त्याच प्रकारची पण लक्ष्य नसलेली अँटिबॉडी वापरून पाहण्याचंही) तसंच. उपयोग आहे, पण मर्यादित.

मग खात्री कशाने पटते? २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग मांडले होते: जनुक काढून किंवा दाबून पाहणं, अँटिबॉडीविना मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहणं, वेगळ्या भागावर बसणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीशी जुळवणं, टॅग (ओळखीची खूण) लावलेलं प्रथिन पेशीत घालून पाहणं, आणि अँटिबॉडीने पकडलेला माल मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. पाचही करा असं कोणी म्हणत नाही. तुमच्या जागी मी पहिला आणि दुसरा धरला असता.

पहिला मार्ग तुम्ही अर्धा चाललाच आहात. ए आणि बी दोन्ही जनुकांवर एसआयआरएनए द्या, प्रत्येकासाठी दोन वेगवेगळे क्रम वापरा, ७२ तास थांबा. प्राथमिक पेशींत पूर्ण नॉकआउट करणं (जनुकच निकामी करणं) जिकिरीचं असतं, कारण त्या फार पिढ्या टिकत नाहीत. पण एटी-१ नैसर्गिकरीत्या असलेली एखादी सेल लाइन तुमच्याकडे असेल तर क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) तिच्यात नॉकआउट करून घ्या, आणि एकाच क्लोनवर (एका पेशीपासून वाढलेल्या वंशावर) विसंबू नका, दोन-तीन ठेवा. नॉकआउट झालं का, हे मात्र त्याच अँटिबॉडीने तपासायचं नाही. डीएनएचा क्रम वाचा आणि अँजिओटेन्सिन देऊन कॅल्शियम वाढतं का पाहा. एटी-१ हा जीक्यू या जी-प्रोटीनवर चालणारा, म्हणजे पेशीतलं कॅल्शियम वाढवणारा रिसेप्टर आहे. तो गेला की हा प्रतिसादही जातो. कोणत्याही अँटिबॉडीपेक्षा ही साक्ष मला जवळची वाटते.

दुसऱ्या गटाने दिलेल्या नॉकआउट माऊसच्या ऊतीचा तुकडा मिळाला तर त्याहून उत्तम. एखादा तुकडा कोणी सहसा नाकारत नाही, मागून पाहा. फक्त माऊसमध्ये चाललेली अँटिबॉडी रॅटमध्ये चालेल असं गृहीत धरू नका. पेप्टाइडच्या जागेतला क्रम दोन्हींत सारखा आहे का ते ताडून घ्या.

एचईके या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत टॅग लावलेला रिसेप्टर घालून ब्लॉट करणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात. करा, पण त्याचा अर्थ नीट लावा. टॅगची अँटिबॉडी आणि तुमची अँटिबॉडी एकाच जागी तोच धुरकट पट्टा दाखवत असतील, तर तुमची अँटिबॉडी रिसेप्टरला ओळखू शकते एवढं ठरलं. तिथे रिसेप्टर ढिगाने असतो. तुमच्या पेशींतल्या तीन लाखांतल्या एका भागापर्यंत ती पोचते का, आणि वाटेत दुसऱ्या कोणाला धरत नाही ना, याचं उत्तर त्यात नाही. मात्र एचईकेमध्ये ढिगाने असूनही ती पट्टा दाखवत नसेल, तर विषय तिथेच संपला. बाटली बाजूला ठेवा.

इथे नमुना बनवण्याचा मुद्दा येतो, कारण चांगली अँटिबॉडीही वाईट नमुन्यात हरते. सात वेळा पडदा ओलांडणारं प्रथिन ९५ अंशांवर उकळलं की त्याचे पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि सगळा माल खान्याच्या तोंडाशी अडकतो. तुमच्या चित्रात खान्याच्या काठाशी जी काळी रेघ दिसते, ती नीट पाहा. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा किंवा सरळ खोलीच्या तापमानाला, आणि त्याच जेलवर उकळलेला नमुनाही शेजारी लावा म्हणजे फरक दिसेल. पूर्ण लायसेटऐवजी पडद्यांचा अंश वेगळा काढलात तर रिसेप्टरचं प्रमाण वाढतं. मग लोडिंग कंट्रोल (सगळ्या खान्यांत सारखा माल गेला हे दाखवणारं प्रथिन) म्हणून अ‍ॅक्टिन चालणार नाही, पडद्यातलं सोडियम-पोटॅशियम एटीपेज घ्या.

आणि पीएनजीएज-एफ. साखरेच्या साखळ्या कापणारं हे एन्झाइम तुमच्या फ्रीजरमध्ये नसेल तर शेजारच्या लॅबमध्ये असेल. त्याच लायसेटचे दोन भाग करा, एकाला एन्झाइम द्या, एकाला फक्त बफर. नेहमीच्या कृतीत आधी उकळायला सांगतात, ते तुम्ही टाळा. नमुन्यातलं एसडीएस हे कडक डिटर्जंट एन्झाइमला मारतं, म्हणून एनपी-४० हे सौम्य डिटर्जंट पुरेसं घाला. वरचा धूसर पट्टा खाली उतरून आकुंचन पावला तर तो साखर असलेल्या प्रथिनाचा आहे, आशेला जागा आहे. तुमचा ४३ चा बँड ढिम्म राहिला तर तो पृष्ठभागावरच्या परिपक्व रिसेप्टरचा नाही, हे जवळजवळ नक्की. साखर न चढलेला, पेशीच्या आत अडकलेला थोडा माल तिथे असू शकतो, पण तुमच्या पेशींत एकूण रिसेप्टरच्या जागी फक्त तोच दिसावा याला कारण नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्या हातात नवी रिसेप्टर अँटिबॉडी आली की मी याच चाचणीने सुरुवात करतो.

फ्लो सायटोमेट्रीचं उत्तर छोटं आहे: नाही. सी-टोक पेशीच्या आत असतं. जिवंत, न भेदलेल्या पेशीवर ही अँटिबॉडी पोचूच शकत नाही. तरी सिग्नल दिसेल, तो मेलेल्या पेशींचा. त्यांचे पडदे फुटलेले असतात आणि त्या काहीही शोषून घेतात. फ्लोसाठी बाहेरच्या भागावर बसणारी अँटिबॉडी लागते, मेलेल्या पेशी वगळणारा रंग लागतो, आणि पेशी ट्रिप्सिनने सोडवायच्या नसतात, कारण ट्रिप्सिन रिसेप्टरची बाहेरची बाजू कुरतडतं. ईडीटीएने सोडवा, बर्फावर ठेवा. इम्युनोफ्लुओरेसन्समधल्या केंद्रकाच्या चमकेबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. ब्लॉटमध्ये खात्री न पटलेल्या अँटिबॉडीच्या चित्रातून निष्कर्ष काढायचेच नसतात. उलट, ब्लॉटमध्ये पास झालेली अँटिबॉडी फॉर्मल्डिहाइडने पक्क्या केलेल्या पेशींत नापास होऊ शकते, तिथे पुन्हा नॉकआउट शेजारी ठेवूनच पाहावं लागतं.

आता कंपनीचा प्रश्न. नाव पाहून घेऊ नका, पुरावा पाहून घ्या. नॉकआउट नमुना शेजारी लावलेला ब्लॉट डेटाशीटवर आहे का, आणि तो तुमच्याच पद्धतीतला आहे का? रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल (ठरलेल्या जनुकावरून बनवलेली एकाच प्रकारची अँटिबॉडी) मिळत असेल तर तीच घ्या. तिचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे लॉट बदलला तरी अँटिबॉडी तीच राहते. पॉलिक्लोनलमध्ये ससा बदलला की माल बदलतो. हायब्रिडोमाची (अँटिबॉडी बनवणाऱ्या संकरित पेशींची) मोनोक्लोनलही वाटते तितकी एकजिनसी नसते: २०१८ च्या एका पाहणीत १८५ हायब्रिडोमांपैकी सुमारे एक तृतीयांशात अँटिबॉडीच्या जास्तीच्या साखळ्या सापडल्या होत्या. २०२३ मध्ये वायकॅरॉस या खुल्या उपक्रमाने ६५ प्रथिनांवरच्या ६१४ अँटिबॉडी नॉकआउट पेशींसमोर तपासून निकाल मांडले, त्यातही रिकॉम्बिनंट सरस ठरल्या. तुमचं लक्ष्य अशा याद्यांत आहे का ते खरेदीआधी शोधा. आणि दोन कंपन्यांच्या दोन अँटिबॉडींनी एकच बँड दाखवला म्हणून हुरळू नका. एकच क्लोन वेगवेगळ्या लेबलांखाली विकला जातो, मग ती दोन साक्षीदारांची साक्ष राहत नाही. क्लोनचं नाव आणि आरआरआयडी (संशोधन साहित्याचा ओळख) क्रमांक ताडून पाहा.

पण त्याआधी स्वतःला विचारा, अँटिबॉडी हवीच आहे का? हे तुमच्या मूळ प्रश्नावर अवलंबून आहे. औषधाने पृष्ठभागावरचे कामाचे रिसेप्टर किती बदलले, एवढंच हवं असेल तर आयोडीन-१२५ लावलेल्या अँजिओटेन्सिनच्या साधर्म्याच्या रेणूने बंध मोजा आणि लोसार्टन या एटी-१ अडवणाऱ्या औषधाने किती निघतो ते पाहा. एटी-२ या अँजिओटेन्सिनच्या दुसऱ्या रिसेप्टरचा वाटा पीडी-१२३३१९ या त्याला अडवणाऱ्या रेणूने वेगळा काढता येतो. त्यातून थेट रिसेप्टरची संख्या मिळते. किरणोत्सर्गी काम करायची परवानगी नसेल तर कॅल्शियमचा प्रतिसाद आणि तो लोसार्टनने बंद होणं, यासोबत दोन्ही जनुकांचं क्यूपीसीआर, एवढ्यावरही परीक्षकाला पटेल असा मजकूर उभा राहतो. फक्त एमआरएनएवरून पृष्ठभागावरच्या प्रथिनाबद्दल बोलू नका. रिसेप्टर पेशीच्या आत ओढला गेला तरी एमआरएनए जागचं हलत नाही. ऊतीत नेमक्या कोणत्या पेशीत रिसेप्टर आहे, हेच हवं असेल तर मात्र अडचण खरी आहे. तिथे इन-सिटू हायब्रिडायझेशन करा (ऊतीच्या कापातच एमआरएनए शोधा), किंवा वेळ असेल तर जनुकातच छोटा टॅग बसवून टॅगची खात्रीची अँटिबॉडी वापरा.

परीक्षकाला उत्तर देताना तो बँड वाचवायचा प्रयत्न करू नका. एसआयआरएनएचा निकाल आहे तसा पुरवणीत द्या, ब्लॉटची आकृती काढा, तिच्या जागी बंधाची किंवा कॅल्शियमची आकृती घाला. स्वतःहून आकृती मागे घेणाऱ्या लेखकाशी परीक्षक सहसा भांडत नाहीत.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: पेप्टाइड रिसेप्टरच्या कोणत्या क्रमांकाच्या अमिनो आम्लांचं आहे, तुमचा एसआयआरएनए बी जनुकाला लागू पडतो का, आणि नमुना तुम्ही उकळला होता का. ब्लॉटचं न कापलेलं, पूर्ण उंचीचं चित्र असेल तर तेही द्या, १०० किलोडाल्टनच्या वर काय दिसतंय ते पाहायचं आहे.